टॅपेटचा टकटकाट, दीड लाखाचं एस्टिमेट आणि फोंड्याकडचा मेस्त

आधीच सांगते, गॅरेजचं नाव नि नंबर इथे टाकणार नाहीये. मेस्तने, म्हणजे गोव्यातल्या या मिस्त्रीनेच, बजावलंय, "बाय, लिहायचं ते लिहा पण नंबर नको, मला आहेत त्याच गाड्या पुरत नाहीत." तसं त्या गॅरेजला नाव असं नाहीच, घराच्या मागच्या बाजूला माडांमध्ये पत्र्याची शेड आहे, वर बोर्ड पण नाही. फोंड्याजवळ कुर्टीच्या आसपास जुन्या गाड्यावाल्या कुणालाही विचारा, दाखवतील. मग रिव्ह्यू कशाला लिहितेय? कारण चार महिने मी ज्या आवाजामागे फिरले तो आवाज इंजिनाच्या कुठल्या भागातून येतोय ते या माणसाने एक बोल्ट न खोलता दीड तासात ओळखलं, आणि कसं ओळखलं ते जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

गाडी बाबांची. एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६७ ची, उघडी दोन सीटवाली, पुढे दोन एसयू कार्ब्युरेटर. दिल्लीत कुठल्याशा दूतावासातल्या माणसाने आणलेली, तिथून दोन हात फिरून बाबांकडे आली, बाबा गेले आणि माझ्या गळ्यात पडली. दादा पुण्याला असतो, त्याचं म्हणणं विकून टाक. मी म्हटलं बघू. इंजिन १७९८ सीसी, चार सिलेंडर, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तो फिरला की टॅपेटला धक्का, टॅपेटवरून पुशरॉड नावाची दांडी, ती वर रॉकर झुलवते आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. आजच्या गाडीवाल्यांना हे सगळं ट्रॅक्टरसारखं वाटेल आणि खरं सांगायचं तर ते तसंच आहे, म्हणून तर मला आवडतं.

तर गेल्या पावसाळ्याआधी आवाज सुरू झाला. टक टक टक टक. सकाळी थंड इंजिनाला जास्त, मग थोडा कमी, पण जात मात्र नाही. हूड खाली करून म्हापशात एखाद्या कंपाऊंडच्या भिंतीला लागून गेलं की भिंतीवरून आवाज परत यायचा आणि अंगावर काटा यायचा, रस्त्यावरची माणसं वळून बघायची ती गाडी बघायला की आवाज ऐकून कोण जाणे.

पहिल्यांदा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. एसी ऑफिस, कॉफी वगैरे. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, ॲक्सिलरेटर दोनदा दाबला, मोजून तीस सेकंद ऐकलं आणि "बिग एंड गेलंय मॅडम, इंजिन उतरवावं लागेल" म्हणून मोकळा. बिग एंड म्हणजे पिस्टनचा दांडा खाली क्रँकला जिथे जोडतो ते बेअरिंग. एस्टिमेट दीड लाखाच्या वर, आणि "घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांच्याशी बोलतो". मी म्हटलं घरात जेंट्स म्हणजे बोका आहे, त्याच्याशी बोला. जाता जाता त्यांनी कार्ब्युरेटर साफ करून दिले, ते लक्षात ठेवा, पुढे येणारे.

मग घराजवळच्या एका मेकॅनिकने "टॅपेट लूज झालेत" (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट वाढलीय) म्हणून गरम इंजिनावरच सगळे टॅपेट आवळून दिले, पाचशे रुपये. आवाज थोडा दबला म्हणून मी खूश, आणि आठ दिवसांत गाडी गरम झाली की चढावर दम टाकायला लागली. पर्वरीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये हसत चढणारी गाडी दुसरा मागायला लागली.

मधल्या काळात मी पण हात धुवून घेतले म्हणा. ऑनलाईन सहाशे रुपयांचा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मागवला, डॉक्टरचा असतो तसाच, फक्त पुढे लोखंडी सळई. त्याचाही रिव्ह्यू इथेच उरकते: कान तयार नसेल तर घेऊ नका. सळई कुठेही टेकवा, सगळीकडे सगळंच वाजतं, डायनॅमो वाजतो, वॉटर पंप वाजतो, मला तर तासाभरात गाडीत आठ आजार सापडले.

मेस्तचा पत्ता दिला बाबांच्या एका जुन्या मित्राने. ओल्ड गोवा, बाणस्तारीचा पूल, म्हार्दोळ करत हळूहळू पोचले. शेडमध्ये एक फियाट, एक विलीज जीप, कोपऱ्यात कुठल्यातरी मोठ्या इंजिनाचं हेड, आणि एक कुत्रा जो कुणालाच उठून रस्ता देत नाही. मेस्त साठीच्या पुढचे. आयुष्य बार्जवर गेलं, मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जच्या इंजिनरूममध्ये. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्ज नांगर टाकून उभे राहिले आणि हे घरी आले, तेव्हापासून हा उद्योग. आता तुम्हीच विचार करा, ज्या माणसाने तीस वर्षं त्या धडधडाटात उभं राहून कुठला टॅपेट वाजतोय ते ओळखलं त्याला माझी चार सिलेंडरची गाडी म्हणजे काय.

मी पोचले आणि सवयीने चावी फिरवायला गेले तर म्हणाले, "बाय, गाडी बंद करूं नाका. पयलीं आयकूंया." आणि मग दोघंही नुसते उभे. पाच मिनिटं काही नाही. मला वाटलं बोलायला विसरले बहुतेक. मग आत जाऊन एक हातभर लांबीची लाकडी काठी घेऊन आले, गुळगुळीत झालेली, तिचं एक टोक रॉकर कव्हरवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर. कानात नाही हं, हाडावर. कव्हरवर पुढून मागे चार ठिकाणी, मग खाली ब्लॉकवर, मग टायमिंग कव्हरवर, मग सम्पच्या, म्हणजे तळातल्या ऑईलच्या टाकीच्या, कडेला. प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात मोजत होते. मला पण ऐकवलं. रॉकर कव्हरवर मागच्या अर्ध्यात टकटक अगदी कपाळात, सम्पवर जवळपास काहीच नाही. माझ्या सहाशेच्या स्टेथोस्कोपने जे महिनाभर जमलं नाही ते एका काठीने दोन मिनिटांत. अर्थात काठी कुठे टेकवायची ते माहीत असल्यामुळे.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. टायमिंग लाईट काढला, प्लगच्या दर ठिणगीला चमकणारा दिवा, एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावला. मी म्हटलं टायमिंग बघताय का, तर नाही म्हणे, ताल बघतोय. चार स्ट्रोक इंजिनात एका प्लगला ठिणगी क्रँकच्या दोन फेऱ्यांनी एकदा मिळते, आणि कॅमशाफ्ट पण क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. म्हणजे लाईटची एक चमक आणि कॅमची एक फेरी बरोबर. आवाज चमकेला एक असा पडत असेल तर दुखणं बहुतेक वरच्या बाजूला, व्हॉल्व्हकडे. एका चमकेत दोनदा वाजत असेल तर क्रँककडे बघायचं. मी स्वतः बघितलं, चमक टक, चमक टक, भजनात टाळ पडावा तसं. एवढ्यावर थांबले नाहीत, इन्शुलेशनवाला पक्कड घेऊन एकेका प्लगची वायर काढून बघितली. बिग एंड असेल तर त्या सिलेंडरची ठिणगी बंद केली की दांड्यावरचा भार जातो आणि आवाज बदलतो. इथे चारही वायरींना इंजिन अडखळलं पण टकटक तशीच. (नवीन गाडीत हा प्रकार करू नका, इग्निशन मॉड्यूल मरेल आणि तुम्हालाही झटका बसेल.) वर ऑईल प्रेशरचा काटा बघितला, गरम इंजिनाला तीन हजार आरपीएमवर साठच्या आसपास, म्हणजे चांगलं. "हें बिग एंड न्हय," म्हणाले, आणि चहा सांगितला. दीड लाख वाचले त्या क्षणी. चहा फार गोड होता ते सोडा.

पण मेस्तचं समाधान झालं नव्हतं. म्हणाले आवाज एक नाही, दोन आहेत. गाडी ठेवून जा, उद्या सकाळी अगदी थंड असताना ऐकतो. दुसऱ्या दिवशी मी बसने गेले आणि खरंच, पहिल्या मिनिटात टकटकच्या जोडीला एक फुसफुसणारी टिकटिक, सात-आठ मिनिटांत विरून जाणारी. मेस्तने फडक्याचा बोळा करून एक्झॉस्टच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबला तर तो आवाज लगेच वाढला. मॅनिफोल्डचं, म्हणजे हेडला जोडलेल्या नळ्यांचं, गॅस्केट गळतंय. गरम झालं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज जातो, आणि लोक म्हणतात टॅपेट थंडीत वाजतात. टॉर्च मारून दाखवलं, फ्लँजजवळ काजळीची बारीक रेघ. आता ते कार्ब्युरेटर आठवा. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर, आणि मधले नट मोठ्या जाड वॉशरने दोन्ही फ्लँज एकदम दाबतात. साफसफाई करताना कुणीतरी ते जाड वॉशर हरवून तिथे बाजारातले पातळ बसवले होते, ते वाकले आणि एक्झॉस्टच्या बाजूची पकड गेली. कोणी ते मी लिहीत नाही. वॉशर मेस्तने बार्जच्या भंगारातल्या पट्टीतून स्वतः कापले.

मग खरं काम. प्लग काढून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते, घेतलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. १६०, १५५, ११०, १६०. तीन नंबर पडलेला. मेस्तनी लगेच तीन नंबरच्या एक्झॉस्टच्या रॉकरखाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातलं तर जेमतेम चार थाऊ. असायला हवं १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, साधारण ०.३८ मिलिमीटर. माझ्या पाचशे रुपयांच्या टॅपेट आवळण्याचा हा प्रसाद. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापला की लांब होतो, फटच नसेल तर तो सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, आणि सीटवर टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही, म्हणून शेवटी कड जळते. चढावर दम का टाकत होती ते इथे कळलं. आणि मी आवाज दबला म्हणून खूश होते! मेस्त म्हणाले, "इल्लो आवाज जाय." थोडा आवाज हवाच. मी आता हे सगळ्यांना ऐकवत फिरते, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल पण.

टॅपेट सेट करायची त्यांची पद्धत म्हणजे नऊचा हिशेब. आठ व्हॉल्व्ह, पुढून एक ते आठ नंबर द्या, जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नऊमधून वजा करा, उरेल तो सेट करा. आठवा दाबलेला तर पहिला, पाचवा दाबलेला तर चौथा. इंजिन फिरवायला प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि ढकलायची, ते काम माझं आणि शेजारच्या पोराचं. थंड इंजिनावर, एकेक निवांत. झाल्यावर परत कॉम्प्रेशन घेतलं तर तीन नंबर १४५ वर. व्हॉल्व्ह जळला नव्हता, बाबांची पुण्याई.

पण सगळे अगदी १५ थाऊवर असूनही टकटक चालूच. इथेच दुसरा कुणी असता तर म्हणाला असता जुनी गाडी आहे, चालायचंच. मेस्तनी कव्हर काढलेलं ठेवूनच इंजिन आयडलला सोडलं आणि चालत्या इंजिनात एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत फिलरची पाती सरकवली. पहिल्या पाचांना काही नाही, सहाव्याला पाती गेली आणि आवाज गप्प. काढली, टक टक. घातली, गप्प. मी तीन वेळा करून बघितलं, लहान मुलासारखं. ब्लाऊजवर ऑईल उडालं ते अजून निघालेलं नाही.

कारण असं की रॉकरचं टोक व्हॉल्व्हवर वर्षानुवर्षं आपटून तिथे खळगा पडतो. फिलरची पाती सपाट, ती खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकते आणि सांगते १५ थाऊ. व्हॉल्व्हची दांडी मात्र खळग्यात जाते, तिच्यासाठी फट वीस-बावीस. म्हणजे मापाने सगळं बरोबर आणि कानाला सगळं चूक. मेकॅनिक फिलरवर विश्वास ठेवतो, गिऱ्हाईक मेकॅनिकवर, आणि गाडी आपली बोंबलत राहते.

रॉकर शाफ्ट, म्हणजे सगळे रॉकर ज्यावर झुलतात तो दांडा, खोलायच्या आधी मेस्तनी रेडिएटरचं पाणी काढलं तेव्हा मी विचारलं, टॅपेटला पाणी कशाला? तर या इंजिनात रॉकरच्या स्टँडचे चार नट हे हेडचे पण नट आहेत. नुसते तेवढेच सोडले तर हेडवरचा दाब एकीकडून सुटतो आणि हेड वाकायची भीती, शिवाय गॅस्केटमधून पाणी आत येणार ते वेगळं. म्हणून पाणी काढून बाहेरचेही सगळे नट थोडे थोडे, क्रमाने ढिले करायचे, आणि बसवताना टॉर्क पान्याने परत क्रमाने. पुशरॉड काढताना प्रत्येक दांडी आधी हलकेच फिरवायची, नाहीतर ऑईलच्या चिकटण्याने खालचा टॅपेट पण वर ओढला जातो आणि मग ब्लॉकच्या बाजूची झाकणं खोलत बसा. आठही दांड्या खिडकीच्या काचेवर लोळवून सरळ आहेत का बघितल्या, सरळ होत्या.

शाफ्ट हातात घेतली तर वरून आरशासारखी. उलटी केली आणि माझं नख त्यावरून फिरवायला लावलं, पायऱ्या! पुशरॉड आणि स्प्रिंग दोन्ही रॉकरला वर ढकलतात म्हणून झीज सगळी शाफ्टच्या पोटाला होते, वरून बघणाऱ्याला दिसतच नाही. आतली ऑईलची भोकं काळ्या गाळाने अर्धी बुजलेली.

दोन रॉकर मेस्तनी घासायला नकार दिला. वरचा कडक थर पातळ असतो, जास्त घासला तर खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि सहा महिन्यांत परत खळगा, म्हणाले नवीन मागवा. बाकीचे सहा नुसते पॉलिश. नवीन शाफ्ट, दोन रॉकर, बुश आणि गॅस्केटचा सेट इंग्लंडहून, कुरिअर आणि कस्टम धरून २२ हजार आणि साडेपाच आठवडे. एमजीबीचं हे एक बरं आहे, १९६२ ते १९८० पर्यंत पाच लाखांवर गाड्या निघाल्या म्हणून पार्ट अजून नवे मिळतात, बाबांच्या फियाटला एक हँडल मिळवायला याहून जास्त वणवण झाली होती. बुश बसवून रीमर मारायला वास्कोच्या एका लेथवाल्याकडे, त्याचे दीड हजार. मेस्तची मजुरी साडेसहा हजार. परत वाचा, साडेसहा हजार.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळायला आले नाहीये. एक तर फोन उचलत नाहीत. दुसरं, "फाल्यां" म्हणजे उद्या असं समजून बसने जाऊ नका, मी दोनदा फेरी मारली, एकदा तर घरात लग्न होतं आणि मला जेवून यावं लागलं. बिल वहीच्या कागदावर, जीएसटी वगैरे विषय काढू नका. शेड एका बाजूने उघडी, पावसाची झड आत येते, माझ्या सीटवर बुरशीचा एक डाग तिथलाच आहे असा माझा दावा आहे, मेस्तना मान्य नाही. बॉडीचं काम, पेंट, वायरिंग यांना सांगू नका, करतील पण मन नसतं. आणि गणेशचवथीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर दहा दिवस गाडी नेऊच नका, तिथे तेव्हा माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) आणि भजन यापलीकडे काही होत नाही. नवीन गाडीवाल्यांना तर उंबऱ्यावरूनच परत पाठवतात, लॅपटॉप लावायचा असेल तर पणजीला जा म्हणून.

तरी पाचपैकी साडेचार. अर्धा बुरशीचा कापला.

गाडी मेस्तकडून परत घेतली तेव्हा आवाज कसा होता सांगू, जुन्या शिवणयंत्रासारखा, बारीक, एकसारखा. दादाला फोनवरून ऐकवला तर म्हणतो अजून वाजतेय की. त्याला काय सांगणार. ऑईल २०डब्ल्यू-५० घालायला सांगितलं, झिंक असलेलं, कारण या टॅपेटचा तळ सपाट असतो, तो कॅमवर घासत चालतो आणि तिथे झिंकची गरज लागते, आजकालच्या पातळ ऑईलमध्ये ते कमी.

आणि एक गोष्ट राहिली. गाडी देताना मेस्तनी विचारलं होतं, हेडमध्ये सीट बदलल्यात का. मला काय माहीत! देशभर शिसेवालं पेट्रोल २००० साली बंद झालं. या इंजिनांचं हेड साध्या बिडाचं, सीट त्यातच कापलेली, आणि शिशाचा थर तिला कुशनसारखा सांभाळायचा. तो गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपटून आपटून सीटमध्ये हळूहळू रुततो. तो वर सरकला की टॅपेटची फट वाढत नाही, कमी होते. म्हणून ८०० किलोमीटर चालवून या, हेडचे नट परत आवळू आणि फट मोजू, असं ठरलं होतं.

गेल्या रविवारी गेले. सात व्हॉल्व्ह १५ वर, पाच नंबर, म्हणजे तोच तीन नंबर सिलेंडरचा एक्झॉस्ट, १३ वर. मेस्तनी परत मोजला, १३. परत १५ ला आणून दिला, पैसे घेतले नाहीत, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले. आता मी रोज सकाळी गाडी सुरू करून कान देऊन उभी राहते, आणि आवाज कमी वाटला की पोटात गोळा येतो. डिसेंबरात परत मोजायचंय, तेव्हाही खाली गेलेला निघाला तर हेड उतरवून कडक सीट बसवायच्या, आणि ते काम मेस्त स्वतः करणार की वास्कोला पाठवणार यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.